सुरा, मेरय, मज्ज : पाचव्या शीलातल्या शब्दांची कुळकथा

दर रविवारी आणि पौर्णिमेला आपण विहारात बसून पंचशील म्हणतो. पहिली चार शीले कशाबद्दल आहेत हे नुसते ऐकूनही थोडेफार उमगते. 'पाणातिपाता'मधला प्राण ओळखू येतो, 'मुसावादा'मधला वाद ओळखू येतो. पाचव्या शीलापाशी मात्र जीभ अडखळते. सुरा, मेरय, मज्ज आणि पमादट्ठान असे चार शब्द एका दमात येतात. पाठ असल्यामुळे आपण ते पार करून जातो इतकेच. दारू पिऊ नये, हा अर्थ लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. पण एवढ्या एका गोष्टीसाठी तीन-तीन नावे कशाला? बालवर्गातल्या मुलांना तर 'मज्ज' म्हणजे मज्जाच वाटते. विहारात येऊन मज्जा करू नये असे का शिकवतात, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नाही. त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. आपली मजा फारसीतून आली, तिथे त्या शब्दाचा अर्थ चव. तिचा आणि पाचव्या शीलाचा काही संबंध नाही. ती खुशाल करावी.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, तेव्हा या शब्दांचीच कुळे शोधावीत असे आम्हांस वाटले. शब्दांचा शोध ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. महाराष्ट्र शासनाने ते 'लेखन आणि भाषणे' या मालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली छापले. ज्या माणसाने घटना घडवली, हिंदू कोड बिल लढवले, तो माणूस पाली शब्दांची टिपणे काढत बसतो, याला काही कारण असले पाहिजे. धम्म समजायचा तर त्याचे शब्द समजले पाहिजेत, असे आम्ही त्यातून घेतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी हे शील एकाच दिवशी दोनदा घेतले. एकदा पालीत, त्रिसरण-पंचशील म्हणून, आणि पुन्हा मराठीत, बावीस प्रतिज्ञांमधून. मराठी प्रतिज्ञेत सुरा नाही आणि मेरयही नाही. तिथे सरळ 'दारू' हा शब्द आहे. समोर बसलेल्या लाखो लोकांना सुरा-मेरय कळले नसते, दारू मात्र पुरती ठाऊक होती. वस्तीत ती होती, काहींच्या घरातही होती.

आता मूळ शब्दांकडे वळू. विनयपिटकात भिक्खूंसाठी मद्यपानाबद्दल जो नियम आहे (पाचित्तिय नियमांतला ५१वा), त्याच्या खुलाशात सुरा म्हणजे काय आणि मेरय म्हणजे काय हे फोड करून सांगितले आहे. सुरेचे प्रकार पाच. पिठाची ती पिट्ठसुरा. पूव म्हणजे पुव्यासारखे भाजलेले-तळलेले पदार्थ, त्यांची ती पूवसुरा. शिजलेल्या भाताची ओदनसुरा. चौथीत किण्ण, म्हणजे आंबवण, घातलेले असते आणि पाचवीत मसाल्याची जिनसे मिसळलेली असतात. मेरयाचेही पाचच प्रकार : फुलांचा आसव, फळांचा आसव, मधाचा आसव, गुळाचा आसव आणि मसाले मिसळलेला. थोडक्यात, धान्याची ती सुरा, आणि फूल, फळ, मध, गूळ यांचे ते मेरय. ज्याने मद चढतो असे उरलेसुरले सगळे 'मज्ज' या तिसऱ्या शब्दात येते. तीन शब्दांत एकही पळवाट ठेवलेली नाही.

पळवाट शोधणारे मात्र अडीच हजार वर्षांनीही आहेतच. हळदीच्या रात्री "बीअर म्हणजे काय दारू आहे का?" असे म्हणणारा एक तरी पाहुणा भेटतो. बीअर होते बार्लीची, म्हणजे सातूच्या जातीच्या धान्याची. ती सरळ सुरेच्या घरची लेक. वाईन द्राक्षांची, म्हणजे फळांचा आसव, तेव्हा मेरय. काळ्या गुळाची हातभट्टी गुळाच्या आसवाला आणखी एक भट्टी दाखवून केलेली. विदर्भ-खानदेशात मोहाच्या फुलांची काढतात, ती फुलांच्या आसवाच्या वंशातली. मोह हे झाडाचे नाव संस्कृत 'मधूक' या शब्दापासून झिजत झिजत आले आहे. राग, द्वेष, मोह यांतला मोह वेगळ्या धातूचा. दोघे मराठीत एका उच्चाराचे झाले हा योगायोग, पण ज्याने कोणी मोहाची दारू जवळून पाहिली आहे त्याला हा योगायोग खरा वाटणार नाही.

'आसव' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे. तूर्त एवढेच की औषधाच्या दुकानात द्राक्षासव आणि कुमारीआसव या नावांच्या बाटल्या मिळतात त्यांतला आसव हाच. पाण्यात काढा, गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवलेला.

सुरा हे नाव कसे पडले याची एक कथा जातकात आहे, कुम्भ जातकात. ती आम्हांस फार आवडते, कारण ती आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालते. श्रावस्तीच्या महाउपासिका विशाखेच्या मैत्रिणी एका सणाला मद्य पिऊन विहारात आल्या, त्या प्रसंगावरून तथागतांनी ही कथा सांगितली असे जातकात म्हटले आहे.

कथा अशी. काशी देशातला सुर नावाचा एक वनचर हिमालयात गेला. तिथे एका झाडाच्या बेचक्यात रांजणाएवढी खळगी होती. पावसाने ती पाण्याने भरे. भोवतालच्या झाडावेलींवरून हिरडे, आवळे, मिरी तिच्यात पडत. पोपट रानातल्या भाताच्या लोंब्या आणून वर बसून खात, त्यांतले दाणे खाली पडत. उन्हाने ते पाणी आंबून लाल झाले. तहानलेली पाखरे ते पीत आणि झाडाखाली मेल्यासारखी पडत. थोड्या वेळाने उठून किलबिलत उडून जात. सुर हे बघत होता. विष असते तर पाखरे मेली असती, पण ही तर झोपून उठतात. तेव्हा हे विष नव्हे, असा हिशेब करून तो प्यायला. जवळच वरुण नावाचा एक तापस राहत होता, त्यालाही त्याने पाजले. सुराने शोधली म्हणून ती सुरा, आणि वरुणाच्या नावावरून तिचेच दुसरे नाव वारुणी. भाषेच्या शास्त्रात ही व्युत्पत्ती टिकणार नाही, पण पुढची गोष्ट ऐका.

दोघांनी धंदा सुरू केला. एक नगर झाले, दुसरे झाले, लोक पिऊन पिऊन कामधंदा विसरले, नगरे ओस पडली, की हे पुढच्या नगरात. असे करत ते श्रावस्तीला आले. तिथे सब्बमित्त नावाचा राजा होता. त्याने सामान पुरवले, पाचशे रांजण भरले. उंदीर येऊ नयेत म्हणून प्रत्येक रांजणाला एक मांजर बांधले. मद्य फसफसून बाहेर वाहू लागले. मांजरे ते प्यायली आणि निपचित पडली. उंदरांनी येऊन त्यांचे कान, नाक, शेपट्या कुरतडल्या, तरी एकही मांजर हलेना. शिपाई धावत राजाकडे गेले. महाराज, मांजरे मेली! राजाने निवाडा केला की हे दोघे विष करणारे आहेत, आणि दोघांचीही मुंडकी उडवली. मरतामरताही ते सुरा मागत होते, ती मधुर आहे म्हणत होते. थोड्या वेळाने मांजरे उठली, आळोखेपिळोखे देऊन खेळू लागली. राजा म्हणाला, विष असते तर मांजरे उठली नसती, तेव्हा हे मधुरच असले पाहिजे, चला आपण पिऊ. त्याने नगर शृंगारले, मंडप घातला आणि सिंहासनावर बसून प्यायची तयारी केली. तेवढ्यात सक्क (म्हणजे शक्र, देवांचा राजा) हातात सुरेचा कुंभ घेऊन आला आणि या कुंभात काय काय भरले आहे ते त्याने राजाला एकेक करून सांगितले. राजाने रांजण फोडायला लावले.

या राजाची गंमत पाहा. त्याच्याजवळ दोनच कप्पे होते, एक विषाचा आणि एक गोडाचा. मांजर मेले तर विष, उठले तर गोड. मारूनही न मारणारी, गोड असूनही नगरे ओस पाडणारी अशी तिसरी एखादी वस्तू असू शकते, हे त्याच्या डोक्यात येईना. जगातल्या भाषाही याच घोटाळ्यात सापडलेल्या दिसतात.

इंग्रजीचेच घ्या. नशेला इंग्रजीत 'इंटॉक्सिकेशन' म्हणतात. या शब्दाच्या पोटात 'टॉक्सिक' आहे, म्हणजे विषारी. आणि त्या टॉक्सिकच्याही पोटात ग्रीकांचा 'टॉक्सॉन' आहे, म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायच्या विषाला ग्रीक लोक धनुष्याचे औषध म्हणत. पुढे लॅटिनमध्ये जाता जाता धनुष्य गळाले, विष उरले. त्यापासून 'विष चारणे' असे क्रियापद झाले आणि इंग्रजीत येऊन त्याचाच अर्थ नशा चढणे असा झाला. उलट 'पॉयझन' हा इंग्रजांचा विषासाठीचा शब्द लॅटिनमधल्या 'पोतिओ'पासून आला, त्याचा अर्थ होता नुसते पेय, पिण्याची वस्तू. म्हणजे ज्या शब्दात मुळात विष होते तो नशेकडे गेला आणि ज्यात मुळात पिणे होते तो विषाकडे! जर्मन भाषेत तर विषाला 'गिफ्ट' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ दिलेली वस्तू, जसा डॉक्टरांच्या 'डोस' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ देणे.

बाणाला लावलेल्या विषाचा विषय निघाला की बौद्ध माणसाला मालुंक्यपुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. मज्झिमनिकायातल्या सुत्तात तथागतांनी त्याला विष माखलेल्या बाणाचा दृष्टांत दिला. बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणारा कोण, कोणत्या जातीचा, धनुष्य कसले, पीस कोणत्या पक्ष्याचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो तसाच मरेल. या दृष्टांतावरून कोणी आम्हांला टोकेल की घरात दारू शिरलेली असताना शब्दांची पिसे काय मोजत बसता? टोकणे रास्त आहे. पण शब्द नीट न कळल्यामुळेच बीअरवाला पाहुणा वाद घालू शकतो, म्हणून थोडी पिसे मोजतो.

दारूचे खरोखरीचे विष होते तेव्हा काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गावठी दारूने मेली. हातावर पोट असलेली माणसे. दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल दिसायला आणि वासाला नेहमीच्या मद्यार्काच्या जवळचे. पण शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात, मग जीव. या रसायनाच्या नावाचे मूळ बघितले तर माणूस थक्क होतो. १८३४च्या सुमारास ड्युमा आणि पेलिगो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून ते नाव बनवले. 'मेथु' म्हणजे मद्य आणि 'हुले' म्हणजे लाकूड, कारण हा पदार्थ लाकडापासून काढत. आणि ग्रीकांचे 'मेथु' व आपले 'मधु' ही सख्खी भावंडे. ज्याने मालवणीतली माणसे मेली त्याच्या नावातही मधच आहे. सुर आणि वरुण मरताना तेच सांगत होते.

वर्तमानपत्रे अशा वेळी 'विषारी दारूचे बळी' असा मथळा देतात. तो वाचून कोणाला वाटेल की बिनविषारी दारू ही काही वेगळी, चांगली वस्तू असावी.

आता आपल्या 'दारू' या शब्दाकडे येऊ. तो फारसी आहे, आणि फारसीत त्याचा अर्थ औषध! मराठीने तो जुना अर्थ एका जोडशब्दात जपून ठेवला आहे. आजारी माणसाची आपण 'दवादारू' करतो, तेव्हा त्याला कोणी गुत्त्यावर नेत नाही. दवा म्हणजे औषध आणि दारू म्हणजेही औषध. बंदुकीत ठासायची भुकटी तीही दारूच, त्यावरून दारूगोळा आणि दारूकाम. एकच शब्द दवाखान्यात, तोफखान्यात आणि गुत्त्यात नोकरीला आहे. अल्कोहोलचीही तीच तऱ्हा. तो अरबी शब्द, 'अल्-कुह्‌ल', म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक वस्त्रगाळ केलेल्या पुडीला तो शब्द लावू लागले, मग कोणत्याही पदार्थाच्या सत्त्वाला, आणि शेवटी युरोपात मद्यार्काला. शराबही अरबी, अर्थ नुसते पेय. आपले सरबत तिचेच भावंड.

औषध म्हणून दारू, हा प्रश्न खुद्द संघापुढे आला होता. महावग्गात ती हकिकत आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा त्रास होता. वैद्यांनी औषधी तेल काढायला सांगितले आणि त्यात मद्य घालावे लागे. तथागतांनी परवानगी दिली. झाले! सहा जणांचे एक टोळके होते, विनयात जिथे तिथे खोड्या करताना ते भेटतेच. त्यांनी तेलात मद्य इतके ओतले की तेल पिऊन झिंगले. मग नियम झाला की ज्या तेलात मद्याचा रंग, वास, चव कळून येत नाही तेवढेच चालेल. औषध नाकारले नाही, औषधाच्या आडून येणारी नशा नाकारली. घटनेच्या कलम ४७मध्ये राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असे सांगताना औषधी उपयोगाचा अपवाद ठेवला आहे, तो वाचताना आम्हांला हटकून पिलिंदवच्छाचे तेल आठवते.

'अंमल' हा आणखी एक शब्द. हाही अरबीतून आला. मूळ अर्थ कृती, काम. त्यावरून कारभार, सत्ता. अंमलदार, अंमलबजावणी हे शब्द कचेरीतले. पण दारूचा अंमल चढतो तो हाच, आणि अमली पदार्थही त्याच्याच घरातले. मराठी माणसाने सत्तेला आणि नशेला एकच शब्द वापरला. दारू माणसावर राज्य करते म्हणून, की राज्य करणाऱ्यालाही झिंग येते म्हणून, हे वाचकांनी ठरवावे. इंग्रजांच्या अंमलात तर दोन्ही अर्थ एकत्र नांदले. १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा आला. ('आब' म्हणजे पाणी. आबकारी हे पाण्याचे काम म्हणायचे!) त्या कायद्याने दारू गाळण्या-विकण्याचे परवाने, मक्ते आणि कर यांची घडी बसवली आणि गरिबाच्या घोटातून सरकारी तिजोरी भरू लागली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. आज परवाना आणि कर यांचा कारभार त्याच दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. शब्दांची अशी थट्टा शासनच करू जाणे.

विषाच्या शब्दांत फार वेळ घालवत नाही. 'विष' आणि पालीतले 'विस' एकच, संतांच्या मराठीत त्याचेच 'वीख' झाले आणि विखारी शब्द त्यावरून. जहर फारसी. 'गर' म्हणजे गिळवलेले, कोणी मुद्दाम कालवून दिलेले विष, आणि गरळ आपण अजून ओकतो. (मुंबईत १९८०च्या दशकात पोरांना लागलेली 'गर्द' याच्यातली नव्हे. गर्द म्हणजे फारसीत धूळ. त्या भुकटीने घरांची धूळधाण केली, ती गोष्ट वेगळी.) एका झाडापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण तिथे विष आणि नशा हातात हात घालून उभी आहेत. ते झाड धोतऱ्याचे. अमरकोशात धोतऱ्याची जी नावे दिली आहेत त्यांत 'उन्मत्त' आहे, 'कितव' म्हणजे जुगारी-लबाड आहे आणि 'धूर्त' आहे. अमरकोशकार अमरसिंह बौद्ध होता असे मानले जाते. त्याने आपल्या कोशात बुद्धाची नावे ब्रह्मा-विष्णूच्या आधी घातली आहेत. धोतऱ्याला धूर्त का म्हणावे, हे इंग्रजी अमदानीतले फौजदारी कागद वाचले की कळते. वाटसरूंच्या अन्नात धोतऱ्याचे बी कालवून, ते बरळू लागले की लुटणाऱ्यांच्या हकिकती त्यांत आहेत.

आणि 'उन्मत्त' या नावाबरोबर आपण 'मद्' या धातूपाशी येऊन पोचतो. पाचव्या शीलाची किल्ली इथे आहे. मद म्हणजे चढलेला हर्ष, फुगलेपण, तोल सुटणे. मद्य, मदिरा, मादक, मत्त, उन्माद ही सगळी त्याची संस्कृत लेकरे. पालीत मद्यचे 'मज्ज' झाले आणि प्रमादचे 'पमाद'. म्हणजे मज्ज आणि पमादट्ठान हे दोन्ही शब्द एकाच धातूतून निघालेले आहेत. जे घेतल्याने मद चढतो ते मज्ज, आणि त्या मदात भान सुटते तो पमाद. 'ठान' म्हणजे ठिकाण, ठाणे. इंग्रजी शब्द शरीरात विष गेले असे सांगतो. पाली शब्द विषाचे नावही घेत नाही. मनाचा ताबा सुटण्याचे हे ठिकाण आहे, एवढेच सांगतो. विष म्हटले असते तर सब्बमित्त राजासारखा कोणीही म्हणाला असता, बघा, मी उठून उभा आहे, कुठे आहे विष?

थोडी घेतली तर प्रमाद होत नाही, मग शील कसे मोडले, असाही एक वाद ऐकू येतो. भिक्खूंसाठी विनयाने तो वाद मिटवून टाकला आहे. कुशाच्या पात्याच्या टोकाएवढे प्यायले तरी दोष. हा नियम कोणावरून झाला तेही सांगण्याजोगे आहे. सागत नावाचे एक थेर होते. भद्दवतिकेजवळ अंबतित्थ येथे एक जहरी नाग होता, त्याची सगळ्यांना दहशत. सागताने आपल्या सामर्थ्याने त्या नागाला नमवले. कीर्ती पसरली. पुढे कोसंबीत उपासकांना त्यांचे काहीतरी कौतुक करायचे होते. भिक्खूंना दुर्मीळ असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले आणि तेच सहा जणांचे टोळके पुढे झाले. त्यांनी कबुतराच्या पायासारख्या तांबूस, निवळ मद्याचे नाव सुचवले. सागत घरोघर भिक्षेला गेले आणि घरोघर प्यायले. नगराबाहेर पडता पडता वेशीतच कोसळले. तथागत भिक्खूंसह तिथून येत होते. त्यांनी सागताला उचलून विहारात आणवले. भिक्खूंनी सागताचे डोके तथागतांकडे करून निजवले, तर ते कूस बदलून तथागतांकडे पाय करून पडले. तथागतांनी शिव्या दिल्या नाहीत. भिक्खूंना साधे प्रश्न विचारले. पूर्वी हा आदराने वागत असे ना? आता वागतो आहे का? याने नागाशी झुंज दिली होती ना? आता हा पाण्यातल्या सापाशी, म्हणजे आपल्या बिनविषारी दिवडीशी तरी झुंजू शकेल का?

सागताच्या पोटात विष गेले नव्हते. उलट विषाला जिंकणारा माणूस तो, आणि तोच असा पडला. मज्ज आणि विस यांतला फरक एवढ्या चोख दुसरीकडे कुठे सांगितलेला आमच्या वाचनात नाही.

'मद्'ची लेकरे आपल्या मराठीतही घरोघर आहेत. पाली ही मराठीची आई नव्हे, चुलत आजी म्हणा. मराठी आली महाराष्ट्री प्राकृतातून. पण दोन्ही घरांत 'द्य'चा 'ज्ज' होण्याची खोड एकच. पालीत मज्ज झाले, मराठीत त्यापुढे जाऊन 'माज' झाला, माजणे झाले, माजोरी झाली. मत्तचे मातणे झाले. (माजघरातला माज मात्र वेगळा, तो 'मध्य'पासून आला. मधले घर ते माजघर.) फारसीतल्या 'मस्त'चेही मूळ तेच, त्यावरून आपली मस्ती आणि मस्तवाल. देवदत्ताच्या कारस्थानात तथागतांवर सोडलेला नालागिरी हत्ती माजलेला होता, आणि त्याला मद्य पाजले होते असे अट्ठकथेतल्या कथेत आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग रंगवलेला आहे. सहलीला जाल तेव्हा मुलांना जरूर दाखवा. रस्त्यात धुमाकूळ घालणारा हत्ती आणि तथागतांपुढे गुडघे टेकलेला हत्ती, एकाच भिंतीवर.

पण 'माज' शब्दाशी आपला संबंध चित्रापुरता नाही. गावोगाव हा शब्द आपल्या लोकांवर फेकला गेला. पायात चप्पल घातली, माज आला. नवरदेव घोड्यावर बसला, माजलेत. मेलेली जनावरे ओढायचे नाकारले, फारच माज चढला. शब्दाचा अर्थ पाहिला तर माज म्हणजे नशा. मग नशा कोणाला चढली होती, चप्पल घालणाऱ्याला की त्या चपलेकडे बघून ज्याचे डोके फिरले त्याला?

याचे उत्तर देणारी एक यादी अभिधम्मपिटकातल्या विभंग या ग्रंथात आहे. अंगुत्तरनिकायात तथागतांनी तीन मद सांगितले आहेत, तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा. मी म्हातारा होणार नाही, आजारी पडणार नाही, मरणार नाही, या धुंदीत माणूस वागतो. विभंगात ही यादी वाढत वाढत पंचविसाच्या पुढे गेली आहे. तिच्यात लाभाचा मद आहे, भोगाचा आहे, विद्येचा आहे. आणि यादीतला अगदी पहिला शब्द आहे 'जातिमद'. त्याच्यामागे लगेच 'गोत्तमद'. बाटली, रांजण, गुत्ता कुठेही नसताना चढणारी ही नशा. तिच्यावर आबकारी बसत नाही आणि बंदीचा दिवसही पाळला जात नाही.

आता तो आसव. पालीत ज्या शब्दाने फुलाफळांचे मद्य सांगतात त्याच शब्दाने चित्तात पाझरत राहणारा मळ सांगतात. कामासव, भवासव, दिट्ठासव, अविज्जासव. मूळ अर्थ झरणे, पाझरणे. अर्हताचे एक नाव 'खीणासव' आहे, ज्याचे आसव आटले तो. रांजणातला आसव आणि चित्तातला आसव यांना त्या काळच्या माणसांनी एकच नाव दिले आणि ऐकणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागले नसावे. रांजणात आंबत असलेले प्रत्येकाने पाहिले होते, वर येणारा फेस, तो आवाज, झाकण ढकलून बाहेर वाहणारे ते लाल पाणी.

विभंगाच्या त्या यादीत आणखी एक शब्द आहे. उपासक-उपासिकांनी, आणि विशेषतः आम्हां न पिणाऱ्यांनी, तो पाहून ठेवावा. यादीच्या उत्तरार्धात, झानमदाच्या अलीकडे, तो येतो. शब्द आहे 'सीलमद'.